कँटीनमध्ये बासी नको, बोरे वाढा

रायपूर-बिलासपूर रस्त्यावरच्या सिलतऱ्यात स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. अशा वेळी भट्टीपुढची पाळी संपवून आलेल्या छत्तीसगढी कामगाराला छोले-पुरी बघवतही नाही. त्याला हवी असते बोरे-बासी, म्हणजे पाण्यातला गार भात, सोबत कांदा, हिरवी मिरची, मीठ. 2022 च्या कामगार दिनी राज्य सरकारनेच बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि ती बड्यांच्या ताटातही आली, निदान फोटोपुरती. आता कँटीनचे ठेकेदारही ती मेन्यूत घेऊ पाहतात. जरूर घ्यावी, पण घरच्या रीतीने करू नये.

घरी रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवतात. सकाळपर्यंत तो हलका आंबतो. दोन मुठी भात लवकर निवतो. पन्नास किलो तांदळाच्या टोपात मात्र मधला भात कित्येक तास कोमट राहतो. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात, त्या उबेत वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा उकळूनही जात नाही. आंबताना तयार होणारे आम्ल या जंतूंना आवरते खरे. पण एवढ्या मोठ्या टोपात आधी आम्ल तयार होईल की विष, याची हमी कोणत्याही आचाऱ्याने देऊ नये.

वाट छत्तीसगढी घरांतच आहे. बासी रात्रभराची; बोरे त्याच दिवशीच्या भाताची, काही तासांत खायची. कँटीनने बोरेच करावी. भात पाळीच्या वेळेला धरून शिजवावा, रुंद परातींत पातळ पसरून पंख्याखाली झटपट निववावा, मग पिण्याचे थंड पाणी घालून त्याच पाळीत संपवावा. उरलेला टाकावा. टाकताना हात आखडतो, हे आम्ही जाणतो. म्हणून ही नासाडी ठेक्याच्या दरातच धरावी.

जुने कामगार म्हणतील, याला आंबूसपणा नाही. बरोबर आहे त्यांचे. दही किंवा ताक वेगळे द्यावे. त्याने बासीची चव येणार नाही, आणि ती आल्याचे सांगूही नये. फळ्यावर सरळ ‘बोरे’ लिहावे.