पाच अँपिअरचा पहारेकरी

दोस्तांनो, धुळ्याचा मे महिना कसा असतो, हे खान्देशातल्या मुलांना सांगायला नकोच. पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसायचं म्हणजे भट्टीत शिरायचं! म्हणूनच कितीतरी ट्रक आणि जीपगाड्यांच्या डॅशबोर्डवर एक छोटासा पंखा गरगरत असतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना भेटतात. तिथे थांबलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये जरा डोकावून बघा, पंखा दिसेलच.

आता सांगा, हा पंखा जोडतात कसा? दोनच तर वायरी, एक लाल आणि एक काळी. त्यात काय एवढं? पण गंमत इथेच आहे, आणि धोकाही!

वीज बॅटरीतून निघते, पंखा फिरवते आणि परत बॅटरीकडे जाते. घरात या येण्या-जाण्यासाठी दोन वायरी लागतात. गाडीत मात्र परतीची वायर दूरवर ओढावी लागत नाही. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडलेलं असतं. पंख्याची काळी वायर जवळच्या एखाद्या स्क्रूखाली, रंग खरवडून, घट्ट आवळली की झालं. गॅरेजवाले याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. वायर वाचली, पण एक गोष्ट लक्षात आली का? सगळी गाडीच आता परतीची वायर झाली! लाल वायरीचं प्लास्टिक हादऱ्यांनी घासून घासून निघालं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, की वीज पंख्याकडे न जाता जवळच्या वाटेने परत पळणार. यालाच म्हणतात शॉर्ट सर्किट.

कोणी म्हणेल, "बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची. हात लावला तरी शॉक बसत नाही. मग भ्यायचं कशाला?" कोरड्या हाताला १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. (घरातल्या २३० व्होल्टच्या बाबतीत मात्र असला विचार स्वप्नातही करायचा नाही!) पण शॉक वेगळा आणि आग वेगळी. वायर तापते ती त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने, म्हणजे अँपिअरने. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

चला, छोटंसं गणित करू. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २४ वॅटचं उपकरण घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम ०.१ अँपिअर घेतं. तेवढ्याच वॅटचा पंखा १२ व्होल्टवर २ अँपिअर घेतो. ५५ वॅटचे दोन हेडलाइट ९ अँपिअरहून जास्त घेतात. आणि शॉर्ट झालं तर? बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मग बारीक वायर शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते, आणि तिच्या भोवती असतं प्लास्टिक, रबर आणि सीटचा फोम!

इथे उभा राहतो आपला पहारेकरी, फ्यूज. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्यातली पातळ पट्टी स्वतः वितळते आणि वाट बंद करते. आपल्या २४ वॅटच्या पंख्याला ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. मात्र वायर ५ अँपिअरपेक्षा जास्त सहज पेलेल एवढी जाड हवी, कारण फ्यूज राखण करतो ती मुख्यतः वायरीची. म्हणून तो वीज जिथून घेतली तिथेच, अगदी सुरुवातीला बसवायचा. त्याच्या अलीकडची वायर बिनपहाऱ्याची राहते ना!

गाडीतल्या चपट्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी ५ च्या जागी ३० चा घालतं, कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतं. हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलून द्यायचं आणि चोराला दार उघडं ठेवायचं! फ्यूज उडाला की आधी कारण शोधायचं, मगच नवा बसवायचा, तोही तेवढ्याच अँपिअरचा.

आणखी दोन गोष्टी. पंखा चावीच्या लाइनवर जोडावा, म्हणजे चावी काढली की तोही बंद. नाहीतर रात्रभर फिरून सकाळी बॅटरी उतरलेली! दुसरी गोष्ट, मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कारचा पंखा तिथे लावला तर तो जळून जाईल.

हल्ली विजेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर दिसतात. विजेच्या कारमध्ये चाकं फिरवणारी बॅटरी शेकडो व्होल्टची असते आणि तिच्या जाड केबल नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. तो नारिंगी रंग म्हणजे 'खबरदार!'

करून पाहा : गाडी बंद असताना आई-बाबांना फ्यूजबॉक्सचं झाकण उघडायला सांगा. रंग बघा, आकडे वाचा, पण काढाकाढी करू नका. नवी जोडणी करायची असेल तर ती गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनकाकांकडूनच. पण "काका, फ्यूज कुठे बसवला?" हे मात्र तुम्हीच विचारा!

डोकं चालवा : १२ व्होल्टवर चालणारा ३६ वॅटचा दिवा किती अँपिअर घेईल? त्याला ५ अँपिअरचा फ्यूज चालेल का?
(उत्तर : ३ अँपिअर. चालेल.)