जाकिटात शिवलेले प्रगतिपुस्तक

गेल्या महिन्यातील गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमचे शेजारी अण्णा हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन ओटीवर आले. भूमध्य समुद्रात परागंदा लोकांची आणखी एक नाव उलटल्याचे वृत्त आतल्या पानावर चार ओळींत छापलेले होते. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, पण मनाने प्रेमळ असे गृहस्थ आहेत; त्यांचा नातू जर्मनीत शिकावयास असतो. ते म्हणाले, "अहो मास्तर, या लोकांना पोहता येत नाही, नाव कुजकी, बरोबर कच्चीबच्ची, आणि तरी हे समुद्रात उतरतात! जाणूनबुजून मरावयास जाणाऱ्यांसाठी आपण किती म्हणून हळहळावयाचे?"

मी काहीच उत्तर दिले नाही. कारण हेच उद्गार मी स्वतः पूर्वी अनेकदा काढलेले होते. स्वतःचेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले म्हणजे ते कसे दिसते हे कळते, तसे मला त्या दिवशी झाले.

रात्री पुस्तकांच्या फडताळातून शाकुंतल काढले आणि सहावा अंक उघडला. ज्यांनी हे नाटक वाचले असेल त्यांना तो प्रसंग आठवेल. अमात्याकडून राजाला एक पत्र येते. समुद्रमार्गे व्यापार करणारा धनमित्र नावाचा सार्थवाह नौका फुटून मरण पावला. तो निपुत्रिक होता. तस्मात् त्याचे धन राजकोशात जमा व्हावे, एवढाच त्यातील मजकूर. कारकुनी दृष्टीने प्रकरण संपलेले आहे. परंतु दुष्यंत तेथे थांबत नाही. धनिकाच्या घरी भार्या अनेक असतील, त्यांपैकी कोणी गर्भवती आहे काय याची चौकशी करा, असे तो सांगतो. साकेतच्या श्रेष्ठीच्या कन्येचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळते, आणि गर्भातील ते मूल पित्याच्या धनाचे वारस ठरते. मग राजा दवंडी पिटवितो की, प्रजेपैकी ज्याचा जो आप्त नाहीसा होईल त्याच्या जागी, पापसंबंध तेवढे वगळून, दुष्यंताला मानावे. संस्कृतच्या वर्गात हा भाग मी कितीदा तरी शिकविला. समास सोडवून दिले, संदर्भासह स्पष्टीकरणे लिहवून घेतली. पण समुद्रात माणूस बुडाला असता राजाने पहिला प्रश्न 'तो गेला कशाला?' असा न विचारता 'मागे कोण उरले?' असा विचारला, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

आता भूमध्य समुद्राकडे वळू. इटलीचे लांपेदूसा नावाचे एक लहानसे बेट सिसिलीपेक्षा आफ्रिकेच्या किनाऱ्याला अधिक जवळ आहे. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी पहाटे, बेटाचा किनारा दिसू लागला असता, लिबियाहून आलेल्या एका नावेचे यंत्र बंद पडले. कोणाचे तरी लक्ष वेधावे म्हणून नावेतील लोकांनी एक कांबळे पेटविले, आग पसरली, माणसे भयाने एका बाजूस धावली आणि नाव कलंडली. ३६८ माणसे मेली. त्यांत बहुतेक एरिट्रियाचे होते. त्या देशात तरुणांना सक्तीच्या सरकारी सेवेत घेतात आणि तिची मुदत कधी संपेल याचा नेम नसतो.

या घटनेनंतर इटलीच्या आरमाराने वर्षभर मोहीम चालवून लाखाहून अधिक माणसांना समुद्रातून बाहेर काढिले. २०१४ च्या ऑक्टोबरअखेर ती मोहीम बंद झाली. पुढील वर्षी, १८ एप्रिल २०१५ च्या रात्री, लिबियाहून निघालेले मासेमारीचे एक जुने गलबत मदतीस धावून आलेल्या व्यापारी जहाजावर आदळले आणि बुडाले. त्यात किती माणसे कोंबलेली होती हे आजही नेमके सांगता येत नाही. सातशेपासून हजारावर अंदाज आहेत. वाचली फक्त २८. बाकीची बहुतेक तळघरात, यंत्राच्या खोलीत, जेथे नांगराचा साखळदंड ठेवतात त्या खणातसुद्धा दाटीवाटीने भरलेली होती, आणि वर येण्यास वाट नव्हती.

इटलीच्या सरकारने २०१६ साली ते गलबत सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर आणविले. मिलान विश्वविद्यालयातील न्यायवैद्यकाच्या प्राध्यापिका क्रिस्तिना कात्तानेओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिसिलीच्या किनाऱ्यावर ती शेकडो प्रेते एकेक करून तपासली. या बाईंनी पुढे २०१८ मध्ये आपल्या कामाविषयी पुस्तक लिहिले. त्यांतील एक हकीकत अशी. एका मुलाचे कलेवर समोर आले. हाडांवरून वय चौदाच्या आसपासचे ठरले. अंगातील जाकिटाच्या आतल्या बाजूस काहीतरी कडक हाताला लागले. शिवण उसवून पाहता घडी घातलेले कागद निघाले. भिजून फिकट झालेल्या त्या कागदांवर फ्रेंच भाषेत विषयांची नावे होती: गणित, पदार्थविज्ञान वगैरे. ते त्या मुलाचे शाळेतील प्रगतिपुस्तक होते. मूल पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे होते.

वाचकहो, मी जन्मभर प्रगतिपुस्तके भरली आणि त्यांवर सह्या केल्या. हा मजकूर वाचला तेव्हा मला आमच्या खाडीकाठच्या शाळेतील एक मुलगा आठवला. तो पलीकडच्या तीरावरून तरीने येत असे. पावसाळ्यातील एके दिवशी तो चिंब भिजून वर्गात आला. पुस्तके भिजलेली, दप्तर गळते आहे. मी रागावणार इतक्यात त्याने सदऱ्याखालून मेणकापडाची पुरचुंडी काढली आणि बापाची सही घेतलेले प्रगतिपुस्तक कोरडेच्या कोरडे माझ्या हाती दिले. परक्या गावी आपल्याला कोणी ओळखत नाही, तेथे आपण कोण हे सांगणारा कागद आपल्यापाशी असावा, ही बुद्धी गरिबाच्या मुलाला न शिकविता येते. मालीतील त्या मुलाने, किंवा त्याच्या घरच्या कोणी, सुई-दोरा घेऊन हेच केले. मरावयास निघालेला मनुष्य गणिताचे गुण जाकिटात शिवून घेत नाही. तो दुसऱ्या शाळेत नाव घालण्याच्या तयारीने निघालेला असतो.

त्या तरीवाल्याचीही येथे आठवण होते. तो माणसे मोजून घेई. दोन अधिक झाली की खाली उतरवी, मग तो खोत असो वा मास्तर. वारा फिरला तर तर सोडीतच नसे. त्याच्या या शिस्तीचे कारण अगदी साधे होते: तो स्वतः त्याच तरीत बसत असे, आणि संध्याकाळी त्याला आमच्याच गावात तोंड दाखवावयाचे असे. भूमध्य समुद्रावरील दलालाचे याच्या उलट आहे. त्याचे पैसे आगाऊ पोचलेले असतात. तो स्वतः नावेत बसत नाही. प्रवाशांपैकीच एखाद्याच्या हाती सुकाणू देऊन, 'दिशा हीच धर' म्हणून तो किनाऱ्यावरून परत फिरतो. नाव परत येणार नाही हे त्याला ठाऊक असते. म्हणून ती जितकी स्वस्त तितका त्याचा नफा मोठा. जप्त केलेल्या लाकडी नावा नष्ट करण्याचे धोरण युरोपच्या आरमारांनी २०१५ नंतर अवलंबिले, तेव्हा दलालांनी त्याहूनही भिकार अशा रबरी होड्या वापरावयास घेतल्या. अशा होडीच्या तळाशी खारे पाणी आणि सांडलेले पेट्रोल यांचे मिश्रण साचते आणि तेथे बसलेल्यांची कातडी भाजून निघते. मधली जागा सुरक्षित म्हणून तेथे बहुधा बायकामुलांनाच बसविलेले असते. तुर्कस्तानातील इझमीर शहरी २०१६ च्या जानेवारीत पोलिसांनी एका कारखान्यातून बाराशेंहून अधिक नकली तरणजाकिटे पकडली. त्यांत भरलेली वस्तू पाण्यावर तरंगणारी नव्हतीच. आपल्या मुलाला पैसे मोजून ते जाकीट घालणाऱ्या आईने सावधगिरीत कसूर केली, असे आपण म्हणू शकू काय?

मग हे लोक विमानाने का जात नाहीत? पैशाची अडचण म्हणावी, तर दलालाचे भाडे बहुधा विमानाच्या तिकिटाहून अधिक असते. अडचण दाराची आहे. १९५१ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे छळाच्या भयाने पळालेल्यास आश्रय मागण्याचा अधिकार आहे. परंतु युरोपातील देशांत तो मागणे त्या भूमीवर पाय ठेवल्यावरच सहसा शक्य होते. आणि प्रवेशपत्र नसलेला उतारू आणला तर विमान कंपनीस दंड होतो व त्याला परत नेण्याचा बोजाही तिच्यावर पडतो, असा युरोपीय संघाचा २००१ चा निर्बंध आहे. त्यामुळे विमानतळावरील खिडकीपाशीच त्याची वाट संपते. आत आल्यावर दाद मागता येते, पण आत येण्याचा राजमार्ग बंद आहे. मधल्या त्या फटीत दलालाचे दुकान चालते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना २०१४ पासून ही गणती ठेवीत आली आहे, आणि त्या वर्षापासून २०२४ अखेरपर्यंत एकट्या भूमध्य समुद्रात मेलेल्या वा बेपत्ता झालेल्यांची संख्या तीस हजारांवर गेली.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे, तर तेही आपणांस शक्य नाही. १९९६ च्या नाताळच्या रात्री माल्टा आणि सिसिली यांच्या दरम्यान, मोठ्या जहाजावरून एका लहान बोटीत उतरविलेली माणसे ती बोट बुडून मेली. किमान २८३ माणसे गेली, आणि ती होती भारत, पाकिस्तान व श्रीलंका येथली. वाचलेल्यांनी ग्रीसमध्ये ही हकीकत सांगितली, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यात आला नाही. सिसिलीतील कोळ्यांच्या जाळ्यांत प्रेते येत. बोभाटा झाला तर मासेमारी बंद पडेल या धास्तीने ती पुन्हा पाण्यात सोडली जात. शेवटी एका कोळ्याच्या जाळ्यात एका तमिळ तरुणाचे ओळखपत्र आले, त्याने ते एका पत्रकारास दिले, आणि २००१ मध्ये समुद्रतळावरील त्या बोटीची चित्रे जगाने पाहिली. चार वर्षांहून अधिक काळ कोणी विचारले नव्हते. त्या चार वर्षांत कित्येक घरी पत्राची वाट पाहणे चालू होते. श्राद्ध करावे की न करावे, हाही निर्णय होत नव्हता. कात्तानेओ बाईंचे काम का मोलाचे, हे यावरून कळावे.

समुद्रगमन हे आपल्या शास्त्रकारांनी निषिद्ध मानिले; बौधायनाने तर पतनीय कर्मांच्या यादीत ते घातले. तरीही आनंदीबाई जोशी १८८३ साली आगबोटीने अमेरिकेस गेल्याच, आणि पुढे आपल्या घराघरांतील मुले गेली. तीही जाताना प्रगतिपुस्तकेच घेऊन गेली. त्यांना तिकीट मिळाले, बोटीवर नियम पाळणारा कप्तान मिळाला, पलीकडे दार उघडणारे मिळाले. आपल्या मुलांच्या अंगी गुण होते हे खरेच. पण केवळ गुणांमुळे ती तरली असे समजणे म्हणजे त्या जाकिटातील कागदाला खोटे पाडणे होय.

चार दिवसांनी अण्णांना मी हे सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हलकेच म्हणाले, "मास्तर, त्या पोराला गणितात गुण किती होते हो?" मी म्हटले, "ते काही ठाऊक नाही." अण्णा म्हणाले, "बरे असतील. नाहीतर शिवून कशाला घेतले असते?" आणि घडी उचलून ते घरी गेले.

जाता जाता वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सुचवितो. आपल्याकडेही 'एजंट' गाठून कागदपत्रांवाचून परदेशी जाऊ पाहणारे तरुण आहेत; त्यांत आपला भाचा, पुतण्या वा विद्यार्थी असू शकेल. त्याला झिडकारू नका. झिडकारलेला मुलगा गुपचूप जातो. त्याला जवळ बसवून, भरती करणाऱ्या दलालाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद आहे की नाही ते पाहावयास सांगा. आणि वाट समुद्राची असेल तर एकच प्रश्न विचारावयास लावा: पैसे घेणारा स्वतः त्या नावेत बसणार आहे काय?