सातास सहा

गेल्या महिन्यात वऱ्हाडातल्या बाभुळगावला एका वाचकाच्या घरी जाणे झाले. त्यांनी तुपाचा जुना पितळी डबा पुढे ठेवला. आत दोन रुपये आणि लाल दोऱ्यात ओवलेल्या काही कवड्या. रुपये इतके चकचकीत की पोटात गोळाच आला. "काल चिंचेनं घासले साहेब, तुम्ही येणार म्हणून!" शंभर वर्षांची काळी साय एका संध्याकाळी गेली. या अंकात नाणी स्वच्छ करण्यावर लेख आहे. तो घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, एवढेच म्हणतो.

एक रुपया पंचम जॉर्जचा, 1917चा. दुसऱ्यावर चारमिनार, कमानीत निजाम उस्मान अलींचे 'ऐन' अक्षर, हिजरी 1330. वाचकांची आजी माहूरकडची. "आजी म्हने, हा कलदार अन् हा हाली. हाली इकडं चालेना, त्याले बट्टा लागे."

आपल्यापैकी बहुतेक जण ही दोन नाणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात: एक 'ब्रिटिश इंडिया', दुसरे 'संस्थाने'. चिठ्ठीवर राजा, साल, टांकसाळ लिहिले की काम झाले. पण ही दोन्ही एकाच डब्यात का होती, हे त्या चिठ्ठीवर कुठेच येत नाही. 1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. पैनगंगेच्या अलीकडे कळीचा, म्हणजे यंत्रावर पाडलेला, कलदार रुपया. पलीकडे माहूर-किनवटला हाली सिक्का आणि 1948पर्यंत निजामाचे राज्य. लेक अलीकडे दिली, तर तिच्या पदराला बांधलेला रुपया नदी ओलांडताच हलका व्हायचा.

किती हलका? विसाव्या शतकातला सरकारी दर 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. सातास सहा. चारमिनार रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात सुमारे 82 टक्के चांदी; कलदार 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.67 टक्के. निव्वळ चांदी काढा: 9.15 ग्रॅम आणि 10.69 ग्रॅम. भागून पाहा, जवळजवळ सातास सहाच येते. गंमत अशी की 1893 साली इंग्रजांनी लोकांची चांदी नाण्यात पाडून देणे बंद केले, तेव्हापासून कलदाराची किंमत त्यातल्या चांदीवर उरलीच नव्हती. तराजू आणि सरकारी दर यांचा मेळ बसला खरा, पण आजीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला ठाऊक होता तो बट्टा.

कवड्यांकडे मी त्या दिवशी लक्षच दिले नाही. रेणुकेच्या माळेतल्या असतील म्हणून बाजूला सारल्या. घरी आल्यावर परदेशी नाण्यांचा खोका आवरताना घानाचे 1979चे पितळी नाणे हाती आले. एक सेडी. त्यावर कवडी. 'सेडी' हा शब्दच तिथल्या अकान भाषेतल्या कवडीवरून आला आहे. 1965 साली घानाने पौंड सोडून सेडी आणली, 8 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे पुऱ्या शंभर पेन्सांची. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा होते. 1966 साली त्यांची सत्ता उलथली आणि पुढच्या वर्षी 'नवी सेडी' त्यांच्या मुद्रेशिवाय निघाली. 2007 साली चार शून्ये खोडून पुन्हा नवी. राज्यकर्ते बदलले, शून्ये गेली, कवडीचे नाव तेवढे टिकले.

ती कवडी मुळात आफ्रिकेची नव्हेच. मालदीवच्या उथळ समुद्रातली. बंगाल-ओडिशात यायची, तिथून युरोपी जहाजांत भरताड म्हणून युरोपात आणि पुढे गिनीच्या किनाऱ्यावर, माणसे विकत घ्यायला. आणि ओडिशा तेव्हा कोणाकडे? आपल्या नागपूरकर भोसल्यांकडे, 1751 ते 1803. कटकात रयत सारा कवड्यांत भरायची. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण आणि चार काहणांचा रुपया. म्हणजे रुपयाला 5120 कवड्या. इंग्रज आले, त्यांनी सारा रुपयांतच मागितला. कवडी पडली, रयत बुडाली. 1817च्या पाइकांच्या उठावामागे हेही एक कारण होते. बट्ट्याने माणूस किती खोल जातो ते तिथे दिसते.

तर मंडळींना सांगणे इतकेच. यापुढे आपल्या मासिकाकडे नाण्याची माहिती पाठवताना वजन-व्यासाखाली आणखी एक ओळ लिहा: हे नाणे कोणत्या घरात सापडले, कोणाबरोबर आले, त्याला तिथे काय म्हणत आणि मोडताना किती कापले जाई. हाली-कलदाराचा बट्टा ज्यांनी स्वतः मोजला, अशी माणसे आता नव्वदीच्या पुढची आहेत. मुद्रा कॅटलॉगात मिळेल, ही ओळ मिळायची नाही. आणि कवडीला अल्बममध्ये जागा द्या. ती नाणे नाही असे म्हणणाऱ्या आपल्या काही ज्येष्ठ सभासदांशी मी वाद घालायला तयार आहे.

परवा पुन्हा बाभुळगावला गेलो, मुद्दाम कवड्यांसाठी. दोरा जुना, हात लावताच तुटला. वाचकांचे वडील खाटेवरून उठून आले आणि जमिनीवर बसून कवड्या गोळा करू लागले. एकेक नाही, चार बोटांनी चार ओढत, मांडीजवळ ढीग करत. हे कुठे शिकलात, असे विचारले तर मान वर न करता म्हणाले, "माय असंच मोजे." पाच ढीग झाले, वर तीन उरल्या. मग ते खाटेखाली चौथी शोधू लागले.