ओळखीचा नट, अनोळखी आरोपी

मार्च महिन्यातली गोष्ट. नगरच्या सत्र न्यायालयातली तारीख आटोपून मी फिर्यादी मावशींना त्यांच्या गावी सोडायला निघालो होतो. खटला ॲट्रॉसिटीचा. सरकारी वकिलांना फिर्यादीच्या बाजूने साह्य करण्याचे काम माझ्याकडे आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे गावाचे किंवा माणसांचे नाव येथे लिहीत नाही. मावशींच्या मुलाच्या लग्नाची वरात गावच्या मुख्य रस्त्याने गेली आणि दुसऱ्या रात्री त्या मुलाला पारासमोर गाठून मारले, एवढे सांगितले तरी या दैनिकाच्या वाचकांना उरलेले सांगावे लागत नाही.

राहुरी सोडून सोनईच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना रसवंत्या दिसू लागतात. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या येथे हमखास थांबतात. मावशींच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हते, म्हणून आम्हीही थांबलो. पाच-दहा मिनिटे झाली असतील, एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मागच्या दारातून एक गृहस्थ उतरले. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, वेळ संध्याकाळची, उजेड उतरलेला. जेमतेम चार पावले चालले असतील नसतील, तोच बैल हाकणाऱ्या पोराने लांबूनच नावाने हाक मारली. आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे, मालिकेतले. हा नट कुठल्याशा मालिकेत गावच्या पाटलाचे काम करतो, सुनेला छळतो आणि गोरगरिबांच्या जमिनी लाटतो, असे मला मागाहून कळले. अर्धा चेहरा झाकलेला असताना त्या पोराने त्याला कसे ओळखले? 'चालीवरून वळाकला की!' तो म्हणाला.

बघता बघता पंचवीस-तीस माणसे जमली. रसवंतीवाल्याने पैसे घ्यायला नकार दिला. नट बिचारा थकलेला होता, पण माणूस सभ्य वाटला. कोणाच्या खांद्यावर हात ठेवून, कोणाचे मूल कडेवर घेऊन त्याने फोटो काढू दिले. आणि त्या गर्दीत सर्वांच्या पुढे, मोबाईल उंच धरून, आमचा साक्षीदार उभा होता!

सकाळी साडेअकराला हाच तरुण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. घटना डोळ्यांनी पाहिल्याचा जबाब त्याने पोलिसांना दिला होता. सरकारी वकिलांनी आरोपींकडे बोट करून विचारले, 'यांना ओळखता का?' त्याने मान खाली घालून सांगितले, 'नाही. अंधार होता. तोंडं दिसली नाहीत.' आरोपी त्याच्याच गावचे. पहिला आरोपी तर त्याच्या शेजारचा. त्याच्याच उसात हा खुरपायला जातो, त्याच्याच मोटरसायकलवर बसून तो त्या दिवशी न्यायालयात आला होता. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करून घेतले. उलटतपासणीत काही निघाले नाही.

कायद्याचे एक कलम वाचकांना सांगितले पाहिजे. आरोपी अनोळखी असेल तर पोलीस ओळख परेड घेतात. जुना १८७२ चा पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण तत्त्व तेच राहिले आहे. साक्षीदाराला आरोपी आधीपासून माहीत असेल तर परेडची गरज नसते. रोजच्या ओळखीचा माणूस अपुऱ्या उजेडातही आवाजावरून, चालण्याच्या ढबीवरून ओळखता येतो, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे. म्हणजे त्या बैल हाकणाऱ्या पोराने रसवंतीवर जे केले, ते कायद्याला पटणारे आहे. आमच्या साक्षीदाराला मात्र जन्मापासून बघितलेला शेजारी पाराच्या दिव्याखाली दिसला नाही!

हे वाचून कोणी त्या तरुणाला गद्दार ठरवील. मी तसे म्हणणार नाही. पूर्वी म्हणत असे, वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत फार तावातावाने म्हणत असे. नटाला ओळखायला पैसा पडत नाही. उलट गावात चार दिवस फोटो दाखवून मिरवता येते. आरोपीला ओळखायचे म्हटले की दुसऱ्या दिवसापासून खुरपणीचे काम बंद, किराणा दुकानातली उधारी बंद, शेतातून जाणारी वाट बंद, बहिणीचे लग्न अडणार. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने एका शब्दाची एवढी किंमत कोठून मोजायची? डोळे त्याचे शाबूत आहेत. ते कोणाकडे बघायचे आणि कोणाकडे नाही, हे ठरविणारा दुसराच कोणी आहे. दूरचित्रवाणीवरच्या खोट्या पाटलाच्या गळ्यात हात टाकता येतो, गावातल्या खऱ्या पाटलाचे नाव तोंडातून निघत नाही. जातिव्यवस्थेचा याहून सोपा पुरावा मला तरी देता येणार नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. ज्या सोनईवरून या नटांच्या गाड्या शिंगणापूरला जातात, तेथे १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजाच्या तीन तरुणांची क्रूर हत्या झाली. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता. परिस्थितीजन्य पुराव्याच्या कड्या जुळवून खटला उभा राहिला, तो नाशिकला वर्ग झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे उलटे झाले. तेथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला, साक्षीदार होते. ते फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. माणसांवर अवलंबून असलेला खटला माणसांनी सोडला, आणि जेथे बघणारे कोणी नव्हते तेथे शिक्षा लागली, असे हे आपल्या जिल्ह्याचे चित्र. शिर्डीत तर मे २०१५ मध्ये मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून तरुणाचा जीव घेतला गेला. त्याच शिर्डीत वर्षभर छोट्या-मोठ्या पडद्यावरचे चेहरे येत असतात आणि त्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते.

चेहरा ओळखीचा असला म्हणजे माणूस सुरक्षित असतो, असे कोणी समजू नये. आपल्याच शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरचे नाव लावणारे सदाशिव अमरापूरकर आठवा. 'अर्धसत्य' मधला रामा शेट्टी, 'सडक' मधली महाराणी! देशभर लोक त्यांना खलनायक म्हणून ओळखत. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शनच्या मालिकेत महात्मा फुल्यांची भूमिका याच नगरकराने केली होती, हे मात्र आपल्यातल्याही अनेकांना सांगावे लागते. खलनायक लक्षात राहिला, जोतीराव राहिले नाहीत. मार्च २०१३ मध्ये महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना मुंबईत त्यांच्या घराजवळ होळीच्या निमित्ताने पाण्याची नासाडी चालली होती. ते तेथे गेले, हे थांबवा म्हणाले. काय झाले? धक्काबुक्की. एरवी ज्यांनी याच माणसाबरोबर फोटो काढून घेतला असता, त्यांनी त्याच्या अंगावर हात टाकला. चेहरा करमणूक करतो तोवर लाडका, तोच चेहरा दोष दाखवू लागला की परका. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी ते गेले. साक्षीदार होणे त्यांनाही फुकट पडले नव्हते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू.

मे २०१९ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांनी रमाई उभी केली. आमच्या वस्तीत त्या वेळेला म्हातारी माणसे हातपाय धुऊन बसत. ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचे आयुष्य त्या मालिकेने नेले, हे मोठेच काम झाले. परंतु नटाला नट म्हणून मान द्यावा. 'रामायण' मालिका १९८७ साली सुरू झाली, तेव्हा लोक पडद्यावरच्या राम-सीतेला हात जोडत. १९९१ साली त्या मालिकेतली सीता आणि रावण दोघेही लोकसभेत गेले, आणि राम २०२४ साली मेरठमधून गेला. रसवंतीवर जी ओळख फुकट मिळते, तिची पुढे अशी वसुली होते. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर भाषण केले, त्यात थोर पुरुषाबद्दल आदर बाळगणे आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणे यांतला फरक सांगितला होता. ते थोर पुरुषाबद्दल बोलत होते. आपण तर थोर पुरुषाचे काम करणाऱ्याच्या मोबाईल नंबरसाठी धडपडतो!

जयंती जवळ आली की मंडळांची बैठक होते. यंदा कोणाला आणायचे? मालिकेतला चेहरा हवा, म्हणजे गर्दी होते. मग मध्यस्थ गाठायचा, सुपारी ठरवायची, गाडी पाठवायची, हॉटेल घ्यायचे. वर्गणीतला मोठा हिस्सा त्यात जातो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. गावोगावच्या वस्त्यांत ते कसे गाऊन गेले, त्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. तो काळ परत आणा, असे मी म्हणत नाही. पोरांना नट बघावासा वाटतो, वाटू द्या. परंतु ज्या मंडळाने नटासाठी गाडी पाठविली, त्याच मंडळाच्या गावातला साक्षीदार आरोपीच्या मोटरसायकलवर बसून न्यायालयात येतो, याची लाज कोणाला वाटायची?

आणि हा खर्च वर्गणीतून करा असेही नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत, नियम ११ मध्ये, पीडित आणि साक्षीदारांना प्रवासभत्ता, दैनिक भत्ता आणि निर्वाह खर्च देण्याची तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले, त्यात पीडित व साक्षीदारांना संरक्षण मिळण्याचा हक्क लिहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. कागदावर एवढे आहे. अर्ज कोण करणार? मी ज्या गावांत जातो तेथे विचारतो, नियम ११ माहीत आहे का? नसतो. कोणत्या मालिकेत कोण आहे, ते मात्र विचारावे लागत नाही.

रसवंतीवर परत येतो. मावशींना हा नट माहीत नव्हता. त्यांनी बघितलेली मालिका एकच, बाबासाहेबांची, तीही भाचीच्या घरी. एवढी माणसे कशाला जमली, म्हणून त्या घाबरल्या. 'कोन हाय रं त्यो? त्याच्या घरी काय झालंय?' मी सांगितले, टीव्हीत काम करतो, पाटील होतो. 'टीवीत पाटील व्हायला काय लागतंय,' असे म्हणून त्यांनी रसाचा गिलास तोंडाला लावला.

तेवढ्यात साक्षीदाराची नजर आमच्याकडे गेली. मोबाईल खाली आला. तो वळून जाऊ लागला, तशी मावशींनी हाक मारली, 'निघाला का रं फोटू?' मला वाटले, तो पळून जाईल. तो जवळ आला. मोबाईलचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितले आणि म्हणाल्या, 'चांगला आलाय. मपलाबी एक काढ आता.' त्याने काढला. हात थरथरत होता, फोटो हलला, पुन्हा काढला. मग काही न बोलता रस्त्यापलीकडे उभ्या मोटरसायकलकडे गेला. मोटरसायकल कोणाची होती, ते वर सांगितलेच आहे. मालक पाठमोरा बसून विडी ओढत होता. त्याने विचारलेले मला ऐकू आले, 'काय म्हनत व्हती म्हातारी?'

गाडीत मावशी बराच वेळ गप्प होत्या. मी चिडून काहीतरी बोललो असेन, कारण त्या म्हणाल्या, 'त्याच्या आईचं बाळंतपण म्या केलंय. त्याला सारं वळाकतं.'

अजून दोन साक्षीदार बाकी आहेत. दोघांच्याही भत्त्याचा आणि संरक्षणाचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. त्यांतल्या एक बाई शेतमजूर आहेत. अर्जावर अंगठा देताना त्यांनी मला विचारले, 'वकीलसाहेब, तारखेच्या दिवशी मपल्यासंगं गावातून कोन येनार?'