दुसऱ्याच्या डोक्यात शिरण्याचं बटण

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये माझी तीस वर्षं गेली. पाळी सुटली की रोज गेटवर झडती व्हायची. खिसे रिकामे करायचे, जेवणाचा डबा उघडून दाखवायचा. आम्ही तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट छापत होतो. बिघडलेल्या कागदाचाही हिशेब ठेवावा लागे, त्यामुळे या झडतीचा राग कधी आला नाही. झडती घेणारा समोर उभा असायचा, कशासाठी घेतोय हे दोघांना माहीत असायचं आणि गेट ओलांडलं की ती संपायची.

ही झडती परवा एका व्हिडिओ गेममुळे आठवली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मुलाचा जुना प्लेस्टेशन-२ सापडला. त्याच खोक्यात एक डिस्क होती, 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स'. हा २००४ सालचा जपानी गेम आहे. आपल्या पात्राच्या पाठीमागून बघत गोळीबार करत पुढे सरकायचं, याला थर्ड पर्सन शूटर म्हणतात. मेजर कुसानागी आणि तिचा सहकारी बातो हे पोलिसांच्या 'सेक्शन ९' या खास पथकातले. नातवाने तासाभरात सगळी बटणं शिकून घेतली. त्यातल्या एका युक्तीने शत्रूच्या मेंदूत शिरून त्याला आपल्या ताब्यात घेता येतं. "आजोबा, हा आता आपला झाला. याच्याच मित्रांवर गोळ्या झाडायच्या," नातू म्हणाला. मी विचारलं, "मग तो स्वतः कुठे गेला?" "कोण?" त्याने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

त्या "कोण?"ने मला झोप लागू दिली नाही. हा गेम ज्या मालिकेवरून केला, ती मग मी मुलाकडून मागवून पाहिली. मासामुने शिरो यांच्या १९८९च्या चित्रकथेवरून केंजी कामियामा यांनी २००२ साली दिग्दर्शित केलेली ही सव्वीस भागांची मालिका २०३० सालात घडते. माणसांच्या मेंदूंना यंत्रं जोडलेली आहेत, मेंदू थेट जाळ्याशी बोलतात. मेजरचं तर सगळं शरीरच कृत्रिम आहे. शरीर बदललं तरी माणसात जे उरतं, त्याला ही मंडळी 'घोस्ट' म्हणतात. गेममध्ये जी गंमत आहे, दुसऱ्याच्या डोक्यात शिरण्याची, तोच मालिकेतला सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

त्यात 'लाफिंग मॅन' नावाचा एक तरुण आहे. एका कंपनीच्या मालकाला भर रस्त्यात धरून तो कॅमेऱ्यासमोर खरं बोलायला लावू पाहतो. त्या वेळी बघणाऱ्या प्रत्येकाच्या यांत्रिक नजरेत आणि प्रत्येक कॅमेऱ्यात शिरून तो आपल्या चेहऱ्याच्या जागी एक हसरं चित्र बसवतो. त्याचा खरा चेहरा दिसतो तो फक्त डोक्यात यंत्र नसलेल्या बेघर माणसांना. त्याचा हेतू वाईट नाही, त्याला औषधांच्या धंद्यातलं एक पाप उघडं पाडायचं आहे. तरीही हजारो लोकांचे डोळे त्याने त्यांना न विचारता वापरले. हेतू चांगला असला म्हणून एवढं माफ होतं का, हा प्रश्न मालिका शेवटपर्यंत सोडत नाही. गेमने बंदुका आणि उड्या घेतल्या. हा प्रश्न मागेच राहिला.

गेम खेळू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या नातवाचे हात त्यावर झरझर चालतात, ते बघायला मला आवडतं. पण त्या बटणामागचा प्रश्न त्याला घरातल्या कुणीतरी सांगायला हवा, कारण तो आता आपल्या गावात येऊन उभा आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला ठरलं आहे. गर्दीवर लक्ष ठेवायला कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची तयारी चालू आहे. ती हवीच. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थाच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तो दिवस ज्याने पाहिला, तो कॅमेऱ्याला नाही म्हणणार नाही. पण गर्दी मोजणं वेगळं आणि गर्दीतल्या प्रत्येकाला ओळखणं वेगळं.

हा फरक नाशिकच्याच एका मुलाने करून दाखवला आहे. २०१५च्या सिंहस्थात निलय कुलकर्णी आणि त्याच्या साथीदारांनी वाटेवर अंथरायची एक चटई बनवली. वरून जाणाऱ्याचं पाऊल पडलं की ती मोजायची. तिने १८ तासांत सुमारे ५ लाख माणसं मोजली, एकाचंही नाव न विचारता. चटईचं नाव 'अशिओतो', जपानी भाषेत पावलांचा आवाज. जपानी मालिकेने विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर गोदाकाठी जपानी नावानेच मिळालं, याचा मला नाशिककर म्हणून अभिमान वाटतो.

आमच्या प्रेसमध्ये आता चिप असलेले पासपोर्ट तयार होतात. आमच्या वेळी माणसाची ओळख शाईत आणि कागदात होती, आता ती यंत्राला वाचता येते. म्हणूनच ती कोण वाचतंय हे कळायला हवं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यातून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र सरकारकडे आहे. सूट मिळाली तरी लोकांना सांगायला कुणी अडवलेलं नाही.

माझं मागणं साधं आहे. जिथे मोजून भागतं, तिथे चेहरा ओळखू नये. जिथे ओळखणं भागच आहे, हरवलेलं मूल शोधायला म्हणा, तिथे मराठी-हिंदीत ठळक पाटी लावावी: चेहरा टिपला जातो, तो कुणाकडे राहतो, कधी पुसला जाणार आणि तक्रार कुठे करायची. सिंहस्थाचा ध्वज उतरेल तेव्हा ही नोंदही पुसली जावी आणि पुसल्याचं जाहीर व्हावं.

आमच्या गेटवर झडती झाली की डबा परत हातात मिळायचा. रामकुंडावरून घरी निघालेल्या माणसाला त्याचा चेहराही तसाच परत मिळायला हवा.