खुर्चीवरून उतरलेला न्यायमूर्ती

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगच्या पक्षकाराची मुंबईची सुमारे चारशे किलोमीटरची खेप टळली. दीर्घ आंदोलनाचे हे फळ आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु न्यायालय जवळ आले म्हणजे न्यायही आपोआप जवळ आला, असा जो समज आपल्या काही साथींत दिसतो, त्याचा समाचार वेळीच घेणे भाग आहे. त्यासाठी न्या. वि. म. तारकुंडे यांचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

१९०९ साली सासवडला जन्मलेले तारकुंडे विलायतेतून बॅरिस्टर होऊन परतले. काँग्रेस समाजवादी पक्षात काही काळ काम करून ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्याकडे वळले आणि चालती वकिली सोडून रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९५७ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९६९ साली त्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

‘असा माणूस खुर्चीवर राहिला असता तर लोकांचे अधिक भले झाले असते’, असे म्हणणारे आहेत. त्यांनी आणीबाणी आठवावी. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. समोर बसलेल्या पाच न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड हे महाराष्ट्राचेच सुपुत्र होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. चंद्रचूड त्या चौघांत होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचा हक्क मान्य केला होता. त्या सर्वांचे धैर्य एका निकालाने पुसले गेले. तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. एकेचाळीस वर्षे! तुरुंगातला माणूस एवढी वाट पाहू शकतो काय?

मग त्या काळ्या दिवसांत तारकुंड्यांनी काय केले? न्यायालयात हार पत्करून ते घरी बसले नाहीत. १९७४ साली जयप्रकाशांसमवेत त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ उभी केली होती. १९७६ साली, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्य व लोकशाही हक्कांसाठी संघटना स्थापन झाली, तिचीही धुरा त्यांनी वाहिली. पुढे जनता राजवट आली, मित्र सत्तेवर बसले. तरीही आंध्रात नक्षलवादी म्हणून ‘चकमकीत’ मारल्या गेलेल्या तरुणांची चौकशी करणाऱ्या नागरिक समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. सरकार आपले की परके, हा हिशेब त्यांनी केला नाही. न्यायाधीशांच्या नेमणुका व बदल्यांतील सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध जो खटला १९८१ साली निकालात निघाला, त्यात तर हा माजी न्यायमूर्ती स्वतः अर्जदार होता. २००४ साली निधन होईपर्यंत त्यांचा हा बाणा कायम राहिला.

न्यायालये निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. खन्ना खुर्चीवरच होते. मात्र खुर्चीवरचा एकटा खन्ना पुरा पडत नाही. त्याच्यामागे जागा असलेला समाज लागतो. तारकुंड्यांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे तो समाज घडविण्यात वेचली.

तेव्हा वळसंगच्या आणि प्रत्येक गावच्या साथींनी आपल्या पदरचे काम ओळखावे. कोणास पोलिसांनी उचलले, किती वाजता, कोणासमक्ष, याची नोंद त्याच दिवशी ठेवा. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले काय, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाचा हवाला देऊन विचारा. गरिबाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क त्याच्या घरी जाऊन सांगा आणि अर्ज स्वतः भरून द्या. कोल्हापूरचे दार उघडले आहे. त्या दारापर्यंत शेतमजुराला नेणारी माणसे गावात नसतील, तर ते दार वकील आणि सावकारांच्याच वर्दळीचे ठरेल.