झांझिबारचा यूसुफ

पौडहून ताम्हिणी घाट उतरलात की माणगाव लागते आणि पुढे मुरूड-जंजिऱ्याचा समुद्र. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतके दोन्ही किनाऱ्यांची गलबते ये-जा करीत. त्या पलीकडच्या किनाऱ्यावर झांझिबार बेट आहे. तिथले कादंबरीकार अब्दुलरझाक गुर्नाह यांची आज ओळख करून घेऊ.

गुर्नाह यांचा जन्म १९४८चा, मातृभाषा स्वाहिली. या भाषेत पुस्तकाला ‘किताबू’, दुकानाला ‘दुका’ आणि बातमीला ‘हबारी’ म्हणतात. मालाबरोबर शब्दही गलबतांत बसून फिरले, ते असे.

१९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि अरब वंशाच्या लोकांवर जुलूम सुरू झाले. पुढे जेमतेम अठरा वर्षांचे गुर्नाह घर सोडून इंग्लंडला गेले. परक्या मुलखात घरची आठवण अनावर होई, तेव्हा ते वहीत लिहू लागले. शिकता शिकता १९८२मध्ये केंट विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि तिथेच अनेक वर्षे साहित्य शिकवले. आफ्रिकी लेखकांवरील समीक्षाग्रंथांचे संपादनही केले. २०२१मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांची ‘पॅराडाइज’ (१९९४) ही कादंबरी आपल्या वाचकांना खास जवळची वाटेल. तिचा नायक यूसुफ. बापाचे कर्ज फिटत नाही म्हणून बारा वर्षांच्या या पोराला अझीझ नावाच्या व्यापाऱ्याच्या हवाली केले जाते. पोरगा त्याला ‘चाचा’ समजत असतो! यूसुफ आणि अझीझ ही नावे वाचताच सूरह यूसुफ आठवते. पण कुरआन शरीफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) आणि हजरत याकूब (अलै.) यांची अखेर भेट होते. कादंबरीतल्या यूसुफला मात्र घर परत मिळत नाही. शेवटी तो जर्मन फौजेच्या मागे धावत सुटतो.

खुद्द गुर्नाह १९८४मध्ये मायदेशी जाऊ शकले. वडिलांची भेट झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात वडील वारले. भेट झाली, एवढेच समाधान.

आपल्या मुळशीलाही घर सुटण्याचे दुःख नवे नाही. १९२१मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी गावे पाण्याखाली गेलीच. ती डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता राहिली नाही. त्यांच्याकडून ऐकलेले काही अजून आपल्या दादी-नानींच्या तोंडी आहे. त्याही किती दिवस पुरणार?

म्हणून एक विनंती. या महिन्यात मुलांना एक कोरी वही द्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसवा. जुने गाव कुठले, विहीर कुठे होती, शेजारी कोण, ईदला काय शिजायचे, हे सारे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. गुर्नाह यांनीही सुरुवात वहीनेच केली होती.